जिना नसलेलं घर

पुण्यातल्या जुन्या कॉलन्यांमध्ये सध्या एकच विषय आहे. सहकारनगर असो, एरंडवणे असो की डहाणूकर कॉलनी, बंगल्यात दोन म्हातारी माणसं उरली आहेत, मुलं परदेशात आहेत आणि दाराशी बिल्डर आला आहे. बंगला ठेवा म्हणणारे झाडं, हवा, अंगण यांची बाजू घेतात. देऊन टाका म्हणणारे चोरीची भीती, गळकी गच्ची आणि हातात येणारे दोन फ्लॅट पुढे करतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकेत बघा, सगळे बंगल्यातच राहतात."

टेक्सासमध्ये बसून हा वाद ऐकताना वाटतं, खरा मुद्दा बाजूलाच राहतोय. पंचाहत्तरीच्या माणसाला झोपायची खोली, बाथरूम, स्वयंपाकघर आणि रस्ता यांच्यामध्ये पायऱ्या किती, यावर त्याचा सगळा दिवस ठरतो. घर स्वतंत्र की सोसायटीतलं, हे त्यानंतरचं.

अमेरिकेत तरी बिनपायऱ्यांचं घर सहज मिळतं का? हिंजवडीतून टेक्सासमधल्या डॅलसला बदली होऊन येणारी कुटुंबं प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी या उपनगरांत घर शोधतात. आई-वडील सहा महिने राहायला येणार म्हणून एकमजली, म्हणजे फक्त तळमजल्याचं घर हवं असतं. तिथे पहिला धक्का किमतीचा. दोन हजार चौरस फुटांचं घर दोन मजल्यांत बांधलं तर पाया आणि छप्पर साधारण हजार फुटांचं लागतं, एका मजल्यात पूर्ण दोन हजारांचं. जमीनही जास्त खाते. म्हणून एकमजली घराचा चौरस फुटाचा दर बहुधा चढाच असतो, आणि लहान प्लॉटांवरच्या नव्या वसाहतींत बिल्डर दोन मजलेच चढवतात. एकमजली घरं जास्त करून १९६० ते १९८० च्या दरम्यान वसलेल्या भागांत मिळतात.

शोधताना वेबसाइटवर 'एक मजला' ही चाळणी लावली तरी जाहिरात नीट वाचावी. दीड मजल्याच्या घरात गॅरेजवर एक खोली असते आणि पाहुण्यांना नेमकी तीच मिळते. सत्तरच्या दशकातल्या काही घरांत बैठकीची खोली दोन पायऱ्या खाली असते. फोटोत ते कळत नाही, म्हातारं माणूस मात्र तिथेच पडतं. आता घर दाखवण्याआधी एजंट लेखी करार मागतो, १७ ऑगस्ट २०२४ पासून तसा नियम आहे. सही करण्यापूर्वी त्यातली कमिशनची रक्कम आणि कराराची मुदत वाचावी.

एकमजली घराचं खरं दुखणं जमिनीखाली असतं. डॅलसची काळी चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. घर जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या सपाट स्लॅबवर उभं असतं. एकमजली घराचा स्लॅब पसरट, त्यामुळे एक कोपरा कोरडा आणि एक ओला राहिला की तो वाकतो. मग दारांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, दारं चौकटीत घासतात, बाहेरच्या विटांमध्ये जिन्यासारखी फट पडते. अशी खूण दिसली तर साध्या तपासनीसावर न थांबता स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. सत्तरच्या दशकाच्या आधीच्या घरात स्लॅबखाली ओतीव लोखंडाचे ड्रेनेज पाइप असण्याची शक्यता मोठी, त्यांची पाणी भरून गळतीची चाचणी करून घ्यावी. टेक्सासमध्ये थोडी फी भरून ठरलेल्या काही दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. या सगळ्या तपासण्या त्याच दिवसांत बसवायच्या, नंतर बयाणा अडकतो.

छपराचंही तसंच. इथे गारपीट नेहमीची. विम्यात गारांच्या नुकसानीसाठी स्वतः भरायची रक्कम बहुतेकदा घराच्या विमा-किमतीच्या टक्क्यांत असते. पाच लाख डॉलरवर दोन टक्के म्हणजे दहा हजार डॉलर खिशातून. एकमजली घराला छप्पर जास्त, म्हणून छपराचं वय आधी विचारावं. जुन्या छपराला काही विमा कंपन्या घसारा कापूनच पैसे देतात. नवं घर घेणाऱ्यांची फसगत आणखी एका जागी होते. पहिल्या वर्षीचा मालमत्ता कर अनेकदा नुसत्या जमिनीवर किंवा अर्धवट बांधकामावर आकारलेला असतो. पुढच्या वर्षी तो पूर्ण घरावर लागतो आणि कर्जाचा महिन्याचा हप्ता एकदम वाढतो. कंपनीनं दिलेला सामान हलवण्याचा खर्चही करपात्र उत्पन्नात धरला जातो, तो हिशेब आधीच करावा. शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्यानं राहून भाग पाहून घ्यावा.

एवढं करून घर मिळालं, तरी आई-वडील घरातच अडकतात. कोथिंबीर आणायला गाडी, देवळात जायला गाडी, आणि गाडी चालवणारा दिवसभर ऑफिसात. एका प्लॉटवर एकच कुटुंब, दुकानं वेगळ्या पट्ट्यात, अशा झोनिंगला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६ मध्ये मान्यता दिली. त्या नियमांतून ही उपनगरं घडली. आता ते नियम सैल होत आहेत. मिनिआपोलिस शहरानं २०१८ मध्ये, ओरेगन राज्यानं २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये अशा प्लॉटांवर एकाहून जास्त घरांची वाट मोकळी केली. ज्या अमेरिकेचा दाखला पुण्यात दिला जातो, ती स्वतःच त्या रचनेतून बाहेर पडू पाहते आहे.

म्हणून बदली होऊन पुण्यात येणाऱ्यांनी किंवा परतणाऱ्यांनी बंगल्याच्या ओढीनं शहराबाहेर धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. त्यातल्या अनेक भागांत आजही टँकरवर भिस्त आहे. तिथे मिळतो तो एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चारी बाजूंची जागा सोडली की तळमजल्यावर बैठक आणि स्वयंपाकघर मावतं, झोपायच्या खोल्या वर जातात. रो-हाऊसचंही तेच, त्याचा जिना अरुंद आणि वळणाचा. म्हाताऱ्या माणसासाठी लिफ्टच्या इमारतीतला सातवा मजला या रो-हाऊसपेक्षा शंभर पटीनं बरा.

जमीन घ्यायचीच असेल तर सातबाऱ्यावर अनेक अनोळखी नावं सामाईक आहेत का, 'इतर हक्क' रकान्यात काय आहे, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी तर नाही, बिनशेती आदेश आहे का, हे वकिलाकडून तपासावं. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे करून विकण्यावरची बंदी, शिथिल करण्याची घोषणा सरकारनं २०२५ मध्ये केली, पण त्यानं बांधकाम परवानगी आपोआप मिळत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही, मुळशी-पानशेतकडे एजंट काहीही सांगोत. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. पाकीट कपाटात पडून राहतं आणि नोंदणीच्या दिवशी काम अडतं.

बंगला पाडून इमारत होणार असेल, तर मूळ मालकांनी चौरस फुटांइतकाच जोर पायऱ्यांवर लावावा. पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना बहुतेक इमारतींत तीन पायऱ्या असतात, सहा-सहा इंचांच्या. म्हणजे दीड फूट उंची. चाकाच्या खुर्चीला चालणारा उतार एकास बारा, तेव्हा अठरा फुटांचा रॅम्प हवा. मोटारीची एक जागा पाच मीटर, म्हणजे साडेसोळा फुटांच्या आसपास. रॅम्प त्याहून लांब होतो, आणि म्हणूनच नकाशातून तो गळतो किंवा घसरगुंडीसारखा उभा बांधला जातो. बाथरूमचं दार अडीच फुटी असतं, चौकट आणि पल्ला वजा जाता खुर्ची आत जात नाही. किमान ३२ इंच मोकळी रुंदी मागावी. बाथरूमचा आणि बाल्कनीचा उंबरा काढून पाण्याचा उतार जाळीकडे द्यायला सांगावं. स्ट्रेचर मावेल अशी एक लिफ्ट, तिला जनरेटर आणि वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी एआरडी यंत्रणा, हेही लिहून घ्यावं.

टेक्सासमधल्याच ऑस्टिन शहरानं २०१४ मध्ये नव्या घरांसाठी बिनपायरीचा प्रवेश आणि बाथरूमच्या भिंतीत आधाराच्या दांड्यांसाठी लाकडी पट्टी हे नियमातच घातलं. पुण्यात मालकांना हे करारातच मिळवावं लागेल, आणि ते नकाशा मंजुरीला जाण्याआधी. स्लॅब पडल्यावर बिल्डर फार तर टाइल्सचा रंग बदलून देतो.