अर्धा ग्रॅम भराव

बांधकाम खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला 'एक्स्ट्रा आयटम' कशाशी खातात हे शिकवावं लागत नाही. टेंडर निघतं पुलाचं. खोदाई सुरू झाली की कंत्राटदार खड्ड्याच्या कडेला उभा राहून डोकं खाजवतो आणि म्हणतो, "साहेब, खाली काळी माती लागली." एवढ्या एका वाक्यावर अंदाजपत्रक दीडपट होतं. सोलापूर जिल्ह्यातली ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बाराही महिने बिलं वाढवते. निवृत्तीनंतर ती माझ्याच जबड्यात निघेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

काम तसं साधं होतं. वरची डावीकडची दाढ काढून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून कडक भाकरी, शेंगा, हुरडा असा सगळा भार उजव्या बाजूवर. ती बाजूही कुरकुरायला लागली तेव्हा मुलीनं फर्मान काढलं, बाबांनी इम्प्लांट करून घ्यायचं. म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाढेची टोपी. मला कल्पना पसंत पडली. जमिनीत खोल खांब रोवून करतात तो पाया, म्हणजे पाइल फाउंडेशनच ते. त्यात मला कुणी फसवणार नाही अशी खात्री होती.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. मास्कच्या वर फक्त दोन हसरे डोळे. त्यांनी थ्री-डी स्कॅन काढला, स्क्रीनवर माझं डोकं आडवं-उभं कापलं, माउसनं एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "काका, इथं हाड चारच मिलिमीटर आहे. स्क्रू नीट धरायला दहा तरी हवं."

"बाकीचं गेलं कुठं?" मी विचारलं. खात्यात असतो तर चौकशी लावली असती.

बाईंनी समजावलं. दाढ गेली की तिला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही, मग शरीर ते हळूहळू विरघळवून टाकतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. बिनकामाच्या माणसांना निवृत्तीपर्यंत सांभाळणारी कचेरी मी जवळून पाहिली आहे. तिच्या मानानं शरीराचा कारभार फारच कडक म्हणायचा. एवढ्यावर भागलं नव्हतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस नावाची हवेची पोकळी असते. खालचा प्लॉट रिकामा पडलेला पाहून तिनंही कुंपण खाली सरकवलं होतं. वरून अतिक्रमण, खालून धूप, आणि मध्ये चार मिलिमीटर सरकारी जागा.

"आणि उरलेलं हाड कसलं आहे?" मी विचारलं. मातीपरीक्षणाचा अहवाल मागायची सवय हाडात भिनलेली, म्हणजे जेवढं हाड उरलं होतं तेवढ्यात.

बाई जरा घुटमळल्या. हाडाचे चार प्रकार मानतात, म्हणाल्या. कार्ल मिश नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं ते ड्रिलखाली हाताला कसे लागतात यावरून ओळखायला शिकवलं. पहिलं ओकच्या लाकडासारखं, दुसरं पाइनसारखं, तिसरं बाल्सासारखं.

"आणि चौथं?"

"थर्माकोलसारखं. वरच्या मागच्या बाजूला बहुतेक तेच असतं, काका. तुमचं एकट्याचं नाही."

थर्माकोलवर पाइल. मी खात्यात असताना असा प्रस्ताव कुणी आणला असता तर त्याची बदली गडचिरोलीला झाली असती.

उपाय होता भरावाचा. गालाच्या बाजूनं वरच्या जबड्याच्या भिंतीला छोटी खिडकी पाडायची, सायनसचा पडदा हलकेच वर उचलायचा आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा. सहा महिन्यांनी तिथं खरं हाड तयार होतं. ही युक्ती अमेरिकेत १९७० च्या दशकात हिल्ट टेटम नावाच्या दंतवैद्यानं काढली. मला मनापासून पटली. प्रश्न एकच होता, मुरूम कुठल्या खाणीतून आणायचा?

बाईंनी चार खाणी सांगितल्या. एक, स्वतःचं हाड. ते हनुवटीतून घ्यायचं, नाहीतर खालच्या अक्कलदाढेच्या मागून. फारच लागलं तर कमरेतून. दोन, देहदात्याचं हाड, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं. तीन, जनावराचं, जगात सगळ्यात जास्त वापरलं जातं ते गोवंशाचं. चार, प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट. "घरी विचार करून सांगा," म्हणाल्या, आणि संमतीपत्राचा कागद हातात दिला. त्यावर चारही पर्यायांपुढे रिकाम्या चौकटी होत्या.

विचार करायला घरी एकान्त लागतो. आमच्या घरात आई आहे. नव्वदीला टेकलेली, पंढरपूरजवळच्या गावची, गळ्यात तुळशीची माळ. कानांनी कमी ऐकते, पण 'हाड' हा शब्द तिला माजघरातून ऐकू गेला.

"कुणाचं हाड?"

मी कमरेपासून सुरुवात केली. बायकोनं तो पर्याय तिथंच रद्द केला. "आधीच खाली वाकून सिलिंडरचा कॉक बंद करता येत नाही तुम्हाला. आहे ती कंबर राहू दे जागेवर." हनुवटीबद्दल मी स्वतःच फार उत्साह दाखवला नाही. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा, हे काम रस्त्यावरच शोभतं.

मग देहदात्याचं. मी आईला मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या टिश्यू बँकेबद्दल सांगितलं. १९८८ पासून तिथं दान मिळालेल्या हाडांवर प्रक्रिया होते, गॅमा किरणांनी ती निर्जंतुक करतात, कितीतरी रुग्णांना उपयोग होतो. दधीची ऋषींचाही दाखला दिला. त्यांनी तर अख्खी हाडं दिली होती, वज्र करायला.

आई शांतपणे म्हणाली, "त्ये वज्र इंद्रानं हातात धरलं हुतं. तोंडात न्हाय घातलं. लोकं अस्थी चंद्रभागेत सोडत्यात आन् ह्यो तोंडात भरून घिऊन येनार."

तिसऱ्या पर्यायाचं नाव मी घेतलंच नाही. कागद घडी घालून खिशात ठेवताना बायकोनं तो वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चौथ्या चौकटीत माझी खूण आपोआप उमटली. प्रयोगशाळेतलं. शुद्ध शाकाहारी. चातुर्मासातही चालेल असं.

मध्यंतरी सल्ले आलेच. मेहुण्यानं विचारलं, "एका दाढेसाठी एवढा खटाटोप कशाला? ब्रिज बसवा." ब्रिजसाठी दोन्ही बाजूंच्या चांगल्या दातांना तासून खांब करावे लागतात, आणि एका गाळ्यासाठी शेजारची दोन धडधाकट घरं पाडायचा प्रस्ताव माझ्या हातून मंजूर होणं शक्य नव्हतं. एका जुन्या सहकाऱ्यानं हैदराबादला निम्म्या भावात होतं म्हणून सांगितलं. निम्म्या भावातली कामं कशी होतात हे आम्हा दोघांनाही माहीत असल्यामुळे विषय तिथंच मिटला.

अंदाजपत्रक आलं. त्यात 'ग्राफ्ट, अर्धा ग्रॅम, सहा हजार रुपये' अशी ओळ होती. मी आयुष्यभर मुरूम ब्रासनं मोजला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. अर्धा ग्रॅम चुरा साधारण एक घनसेंटिमीटर जागा भरतो असं बाईंकडून काढून घेतलं आणि रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ब्रासचा दर निघाला सुमारे सतराशे कोटी. बायको म्हणाली, "झोपा आता." झोप कसली येते? एवढ्या दराचा मुरूम मंजूर झालेला मी तरी पाहिला नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आधी माझं रक्त काढलं. ते नळ्यांत भरून एका यंत्रात गरगर फिरवलं, आणि थोड्या वेळानं नळीत वर पिवळसर जेली जमली. हिला पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन म्हणतात. फ्रान्समध्ये डॉ. शुकरून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. चिमट्यानं ती जेली बाहेर काढून एका छोट्या डबीत दाबली की तिचा पातळ पापुद्रा होतो. काही जेली बारीक कापून चुऱ्यात मिसळतात. मी मान वळवून पाहिलं. स्टीलच्या वाटीत पांढरी कच होती, क्रशरची असते तशीच, फक्त फार बारीक, आणि तिला माझ्या रक्ताचा ओलावा. मसाला बरोबर पडला होता. पाणी जास्त झालं नव्हतं, कच सुटी राहिली नव्हती. मला बाईंबद्दल आदर वाटला.

भूल दिल्यावर गाल कुणा दुसऱ्याचा झाला. खिडकी पाडायला सुरुवात झाली. डोक्यात घरघर, तोंडात थंडगार सलाइनचा फवारा आणि ते ओढून घेणारी नळी. हा फवारा चैनीसाठी नसतो. हाड ४७ अंशांवर मिनिटभर जरी तापलं तरी ते मरायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास असतो. म्हणजे सोलापूरकराच्या हाडाला चारच अंशांची सवलत.

खिडकी उघडली. बाई म्हणाल्या, "काका, आता नाकानं सावकाश श्वास घ्या." घेतला. "सोडा." सोडला. त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "बघ, पडदा हलतोय. शाबूत आहे." हा पडदा मिलिमीटरहून पातळ असतो आणि फार फाटला तर काम थांबवावं लागू शकतं. मदतनीस मुलगी वाकून पाहू लागली. मलाही पाहायचं होतं. माझ्याच घराच्या आत पडदा हलतोय, दोन परक्या बाया खिडकीतून डोकावून पाहतायत, आणि मालक तोंड उघडं टाकून पडलेला. नाइलाजानं छतावरच्या दिव्यात स्वतःचं प्रतिबिंब शोधत राहिलो. त्यात फक्त नाक दिसत होतं.

भराव झाला, पापुद्रा झाकला, टाके पडले. मग सूचनांचा कागद. गरम नको, कडक नको, तिखट नको. चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाहीतर दाबानं भराव जागचा हलेल.

आता महिना होता जानेवारी. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली, मैदानातली धूळ साऱ्या गावाच्या नाकात. बंद तोंडानं, रुमालात, मान वळवून शिंकायचे संस्कार झालेला मी. पहिली शिंक आली ती शेजारच्या घरी, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या समोर. बायकोला सोडायला गेलो होतो. नियमाप्रमाणे आ वासला. जो आवाज निघाला तो ऐकून एका बाईच्या हातातलं वाण खाली पडलं आणि आतून एक कुत्रं भुंकायला लागलं. त्यानंतर संक्रांत संपेपर्यंत बायको एकटीच गेली.

गाल टम्म फुगला होता. जिन्यात भेटलेले एक गृहस्थ, ज्यांना मी अनेकदा तंबाखूवर व्याख्यान दिलं होतं, त्यांनी माझ्या गालाकडे पाहून आपली पुडी पुढे केली. "सांगायचं ना साहेब, एकटेच खाता." तोंडात थुंकी धरून ठेवल्यामुळे मला खुलासाही करता येईना, आणि थुंकायला तर बंदी. ते समजून हसले.

जेवणाचं तर विचारू नका. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीला शेंगापोळी, शेतावर हुरड्याचं आमंत्रण. घरच्यांनी सगळ्याला हजेरी लावली. मला वाटीत थंड आंबील. हुरडा चोळताना उडालेला एक दाणा माझ्या मांडीवर येऊन पडला, तर मुलीनं तोही उचलून नेला. तोंड धुवायचं ते क्लोरहेक्सिडीन असं होतं की पुढे आठवडाभर चहाला गंजक्या पाण्याची चव लागायची.

मग सुरू झालं क्युरिंग. स्लॅबवर आम्ही आळी करून पाणी मारतो, दोन-तीन आठवड्यांत मोकळे होतो. इथं सहा महिने, आणि पाणी मारायला काही नाही. वेळ होता म्हणून वाचत बसलो. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेचना. हाड त्याला चिकटून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते काम टिकून होतं. चाळीस वर्षं! माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याखालच्या काही मोऱ्या तरळल्या, ज्यांचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदारानं दुरुस्ती करून द्यायची मुदत, संपायची वाटही पावसानं पाहिली नव्हती. कंत्राटदारांची नावं इथं देत नाही, अजून हिंडतात ते.

आषाढीच्या सुमारास दुसरा स्कॅन झाला. बाईंनी पुन्हा रेघ ओढली. अकरा मिलिमीटर! अतिक्रमण हटलं होतं, भराव बसला होता. मी खिशातल्या डायरीत मोजमाप लिहून तारीख घातली आणि त्यांच्यापुढे सहीला धरली. त्यांनी हसत हसत केलीसुद्धा. मग आरशानं हिरडी जरा बाजूला सारून त्यांनी निरखून पाहिलं आणि डोक्यावरच्या टोपीतून बोट घालून डोकं खाजवलं.

माझ्या पोटात गोळा आला. ते खाजवणं मी ओळखतो.

"काका, हाड उत्तम झालंय. फक्त वर हिरडी जरा पातळ आहे. स्क्रू बसवायच्या वेळी टाळूवरची थोडी कातडी काढून तिथं लावू या. छोटंसंच काम."

घरी येऊन नवं अंदाजपत्रक टेबलावर ठेवलं. आई माळ ओढत बसली होती.

"आता काय लावायचं म्हन्ती?"

"कातडी."

माळ थांबली. "कुणाची?"

"माझीच. टाळूवरची."

"मंग लावू दे की," आई म्हणाली, "तशीबी तुझी जीभ टाळूला लईच लागती."