महिन्यात 30 राग? सतारीवर तरी नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. पुण्यातल्या नव्याने सतार घेतलेल्या मंडळींनी तो फारच मनावर घेतलाय. दावा असा: राग म्हणजे आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर), त्यामुळे दहा थाट (रागांचे मूळ स्वरगट) पाठ केले की राग आपोआप येतात, रोज 20 मिनिटांत एक नवा राग धरला तर महिन्यात 30 होतात, पलटे (सरावासाठीचे स्वरांचे नमुने) घासणं म्हणजे वेळ वाया, रागाला दिवसातली ठरलेली वेळ असते ही अंधश्रद्धा. यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण असं शिकून वर्षभरात सतार गवसणीत गेलेली मी पाहिली आहे.

सगळा डोलारा पहिल्या मुद्द्यावर उभा आहे. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. नुसते आरोह-अवरोह लिहिले तर फरक जवळजवळ दिसतच नाही. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). भूप संध्याकाळचा आणि पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उभा राहणारा, रिषभाला (रे) बेतानेच शिवणारा. थाटांची पद्धत मांडणाऱ्या पंडित भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा (म), आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! म्हणजे निवाडा चलनावरून, राग स्वरांतून कसा फिरतो त्यावरून झाला. राग आधी, त्याची वर्गवारी मागाहून. मारवा, पूरिया, सोहनी यांचेही स्वर एकच आहेत, पण कान तयार असलेला श्रोता दोन ओळींत त्यांना वेगळं ओळखतो.

हे चलन सतारीवर हातातून जावं लागतं. भूपातली पंचमावरून (प) गंधारावर येणारी मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं, पाहा. बोट गंधाराच्या पडद्यावर ठेवायचं, तार आवाज न करता पंचमापर्यंत ओढायची, मग नखी मारायची आणि ओढ सोडत गंधारावर उतरायचं. पंचम किती ओढीवर आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटाला ठाऊक व्हावं लागतं. उतरताना हात मध्येच घुटमळला तर तीव्र (चढ्या) मध्यमाचा कण लागतो आणि शुद्ध कल्याण या दुसऱ्याच रागाची छाया पडते. ओढ नेमकी असेल तर पंचमाला मिळवलेली तरफ (पडद्यांखालची बारीक तार) आपणहून गुंजते. ती गुंजेपर्यंत तीच जागा पुन्हापुन्हा घेणं, हाच रागाचा शोध.

आता रोज एक नवा राग. सतारीला साधारण 11 ते 13 तरफा असतात आणि त्या रागानुसार मिळवाव्या लागतात. मध्य सप्तकातल्या धैवताला बहुतेक सतारींवर एकच पडदा असतो. काल यमन, आज भैरव म्हटलं की तो पडदा कोमल (उतरलेल्या) धैवतावर सरकवायचा, रिषभ, मध्यम, धैवताच्या तरफा बदलायच्या. उद्या मारवा म्हटलं की धैवत पुन्हा वर. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्या तर 20 मिनिटं त्यातच जातात. तरफा न मिळवता वाजवलं तर सतारीचा निम्मा आवाज मुकाच राहतो.

पलट्यांबद्दल फार बोलायला नको. मसीतखानी गत ही सतारीवरची संथ लयीतली रचना. तिचे बोल, म्हणजे नखीच्या आघातांची नावं, ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ असे, आणि ती सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठते. ‘दिर’मधले दोन आघात सारखे पडत नसतील तर विलंबित लयीत ते लपत नाही. हा सारखेपणा पलट्यांवर बोलांची मेहनत करूनच येतो, दुसरी वाट मला तरी माहीत नाही.

वेळांच्या बाबतीत मजकुरात थोडं तथ्य आहे. संध्याकाळी भैरवाचा रियाज केला तर काहीही बिघडत नाही, आणि कर्नाटक संगीतात वेळा इतक्या काटेकोर पाळतही नाहीत. पण म्हणून तो संकेत अंधश्रद्धा ठरत नाही. 1953 पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होतो. पूर्वी त्याच्या बैठकी रात्रभर चालत, आणि पहाटेचे राग इथले श्रोते खरोखर पहाटे ऐकत. ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची मर्यादा आल्यावर ते मागे पडलं. त्या वेळेला तो राग ऐकलेला माणूस या संकेताला अंधश्रद्धा म्हणेल असं वाटत नाही.

राहिली 20 मिनिटं. ती मला मान्य आहेत. कोथरूडहून रोज हिंजवडी गाठणाऱ्याकडून आठ तासांच्या रियाजाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण ती 20 मिनिटं सहा महिने एकाच रागाला द्या, यमन किंवा भूप. आधी जोडाच्या तारा आणि तरफा नीट मिळवा, मग थोडा वेळ नुसते दा-रा, दिर, आणि उरलेला वेळ मंद्र (खालच्या) सप्तकापासून एकेक स्वर वाढवत आलाप. आठवड्यातून एकदा तो आलाप फोनवर रेकॉर्ड करून गुरुजींना ऐकवा. मींड कुठे कमी पडते ते त्यांना लगेच कळेल.