ऑइलचा हीटर लावला म्हणून बिल अर्धं होत नाही

इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात परवापासून फिरतंय की घरमालकाने जुना कॉइलचा हीटर काढून ऑइलवाला दिला की विजेचं बिल निम्मं, म्हणून भाडं थोडं जास्त द्या. असं काही नसतं हो! २००० वॅटचा कुठलाही हीटर तासभर सलग चालला की २ युनिट जाणारच, आत तेल असो नाहीतर लाल तापणारी कॉइल. ऑइलवाल्यात थर्मोस्टॅट असतो, खोली तापली की टक् करून बंद होतो, बचत काय ती तेवढीच, पण ग्वाल्हेरच्या जानेवारीत, खिडकीच्या फटीतून वारं येणाऱ्या जुन्या खोलीत तो बंद होईल तेव्हा ना. लहान पोरं असतील तर उघड्या कॉइलपेक्षा तो सेफ, हे मात्र खरं. पण बिलाच्या नावाने भाडं वाढवत असतील तर आधी हीटरमागच्या लेबलवरचे वॅट वाचून दाखवा त्यांना.