तार्त्युफ, भाऊजी आणि मी

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एका एकांकिकेवरून जुंपली आहे. कॉलेजच्या पोरांनी भोंदू बुवावर काहीतरी बसवलं, कुणाच्या तरी भावना दुखावल्या, प्रयोग रद्द. त्यावर भाऊजींचा निकाल: ‘नाटकवाल्यांनी पायरी ओळखून राहावं. तुमच्या पॅरिसात हे चालतं, तिथे कुणाला कशाचं सोयरसुतक नसतं.’

भाऊजी, याच पॅरिसातल्या मोलिएर नावाच्या नाटककाराने १६६४ साली ‘तार्त्युफ’ लिहिलं. देवभक्तीचं सोंग घेऊन घरात शिरलेला आणि यजमानाच्या बायकोपासून इस्टेटीपर्यंत सगळ्यावर डोळा ठेवणारा इसम. व्हर्सायला राजापुढे प्रयोग झाला आणि लगेच जाहीर प्रयोगांवर बंदी आली. एका पाद्र्याने तर छापूनच टाकलं, की हा माणसाच्या वेषातला सैतान आहे, याला जाळा. १६६७ साली पात्राचं नाव बदलून पुन्हा लावलं, ते दुसऱ्याच दिवशी बंद. वर आर्चबिशपची तंबी: हे नाटक जो पाहील, वाचील किंवा ऐकेल तो धर्माबाहेर. परवानगी मिळाली १६६९च्या फेब्रुवारीत. आणि खुद्द राजा, चौदावा लुई, या मोलिएरच्या पहिल्या मुलाचा गॉडफादर होता बरं का! एवढा वशिला असून पाच वर्षं.

मुळात बाप राजवाड्याला पडदे-गाद्या पुरवणारा, बांधलेली नोकरी. पोराने ती सोडून १६४३ साली नाटक कंपनी काढली, दोन वर्षांत कर्जापायी तुरुंग पाहिला, मग तेरा वर्षं गावोगाव बिऱ्हाड. १६५८ साली लूव्रमध्ये राजापुढे आधी गंभीर नाटक केलं, ते पडलं. शेवटी जोडलेल्या छोट्या फार्सने राजा हसला आणि पॅरिसात पाय रोवता आला. १७ फेब्रुवारी १६७३ला रोगाचं सोंग करणाऱ्या माणसाची भूमिका करताना खरोखरच कोसळला आणि त्याच रात्री गेला. दोन पाद्र्यांनी यायला नकार दिला, तिसरा पोचेपर्यंत उशीर झाला होता. चर्चच्या लेखी नट म्हणजे पापी. बायकोने राजाचे पाय धरले तेव्हा कुठे रात्रीच्या अंधारात दफन. आज त्याची खुर्ची कॉमेदी-फ्रान्सेझ या इथल्या सरकारी नाट्यगृहात काचेत ठेवली आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भाच्याने विचारलं, ‘मामा, मग तिथे शाळेत हिजाब का चालत नाही?’ ‘तो वेगळा विषय आहे,’ असं लिहून मी फोन उलटा ठेवला.

गंमत म्हणजे अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मधला कंजूष मूळचा मोलिएरचाच, आणि आमच्या गणेशोत्सवात ते काम भाऊजींनी केलं होतं. मूळ नाटकात पैशाची पेटी चोरीला गेल्यावर म्हातारा चोर समजून स्वतःचाच हात धरतो. इथे पॅरिसात खांबाआडच्या स्वस्त सीटवरून ते पाहताना मी सगळ्यांच्या आधी हसलो, कारण मला समोर भाऊजी दिसत होते. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

ऑफिसात जेवताना मी या लोकांना ‘घाशीराम’ सांगतो, १९८० साली ते युरोपभर गाजलं हे तर हमखास. रद्द झालेल्या प्रयोगांचा विषय मी तिथे काढत नाही. आणि इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरण करायची अपॉइंटमेंट मिळावी म्हणून मध्यरात्री साइट रिफ्रेश करत बसतो, ते घरच्या ग्रुपवर कधी लिहीत नाही. भाऊजींना तर मुळीच कळायला नको.