भिंतीला ताप आलाय

आजचा रविवारही घर शोधण्यात गेला. पुण्याबाहेर पिरंगुटच्या पुढे, मुळशी रस्त्याला एक स्कीम बघायला गेलो होतो. 'मॉडर्न फार्महाऊस, एनर्जी एफिशियंट, शहरापासून हाकेच्या अंतरावर.' ही पाचवी. घरी येऊन आंघोळ केली, चहा झाला, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

घर दिसायला सुंदर आहे, हे आधीच सांगते. पांढऱ्या भिंती, काळ्या चौकटीच्या खिडक्या, वर उतरतं छप्पर, अंगणात एक लाकडी बाकडं. हॉल दुमजली उंचीचा आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, कारण तिकडे डोंगर आहे आणि 'सनसेट व्ह्यू'चे पैसे वेगळे लागतात. एप्रिल महिना, दुपारचे चार. बाबा दमले होते, म्हणून सेल्सच्या मुलानं त्यांना काचेच्या शेजारच्या भिंतीला खुर्ची लावून दिली. बाबांनी बसताना आधारासाठी भिंतीवर तळवा टेकला आणि लगेच उचलला. मला म्हणाले, "ह्याला ताप आलाय गं."

तो मुलगा म्हणाला, "काका, एसी बसला की काही जाणवणार नाही."

माझा संताप झाला तो या वाक्यावर. एनर्जी एफिशियंट म्हणून घर विकायचं आणि पहिल्याच प्रश्नाला उत्तर काय, तर एसी! मी विचारलं, मग एफिशियंट काय आहे यात? तर म्हणे, छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे, त्याला 78,000 ची सबसिडी मिळते, एलईडी दिवे आहेत. अरे, सोलर चांगलंच आहे, मीही बसवेन. पण तीन किलोवॅटमधून दिवसाला साधारण बारा युनिट मिळणार, आणि दीड टनाचा एसी चालू असताना तासाला एक-दीड युनिट खातो. या घरात एसीचे चार पॉइंट काढून ठेवलेत. आधी घर तापवायचं, मग ते गार करायला वर पॅनल लावायचे. याला वीज वाचवणं कसं म्हणायचं?

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं 2018 मध्ये 'इको निवास संहिता' काढली आहे. भिंती आणि खिडक्यांमधून घरात किती उष्णता शिरू द्यायची याची मर्यादा त्यात आहे, चौरस मीटरला 15 वॅट. खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही त्या हिशोबात धरतात. मी त्या मुलाला तुमचा आकडा काय म्हणून विचारलं. त्यानं हे नावच ऐकलेलं नव्हतं. त्याचा दोष नाही, तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं ते, त्याला पाठ करायला दिलं तेवढं तो बोलणार. राग आहे तो त्याच्या वरच्यांवर.

बाबांचं घर बार्शीकडच्या एका खेड्यात होतं. माळवदाचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. भिंती दोन-दोन हात जाड. वर लाकडी तुळया, फळ्या, त्यावर पाला, चिपाडं आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारी सगळं घर माजघरात आडवं व्हायचं. साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडायचा आणि हळूहळू सरकत जायचा. बाबा सदरा काढून उघड्या पाठीनं भिंतीला टेकून बसायचे. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि भिंत माठासारखी गार. आज ज्यांनी भिंतीवरून हात झटकन उचलला, ते हेच बाबा. गाडीत बसल्यावर मला ती पाठ आठवत राहिली.

माळवद गळायचं, कबूल. दरसाल पावसाआधी वर पांढरी माती टाकावी लागायची, भिंतीतून विंचू निघायचे, आजीचं निम्मं आयुष्य सारवण्यात गेलं. मातीच्या घरात राहायला जा, असं मी कुणालाच म्हणत नाही. पण विटांतही हे जमतं. लॉरी बेकर या वास्तुतज्ज्ञांनी केरळात विटा कडेवर उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून भिंती बांधल्या. पंचवीस टक्के विटा कमी लागतात आणि मधली हवा ऊन अडवते. त्याला कुठलं मशीन लागत नाही, समजदार गवंडी लागतो.

आणि ते उतरतं छप्पर! त्याला वळचणच नाही. छप्पर भिंतीपाशी येऊन कापल्यासारखं संपतं, कारण परदेशी फोटोत तसं असतं. मुळशीच्या पावसात पागोळ्या पडणार कुठे? थेट भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर. छप्पर दोन-अडीच फूट पुढे काढलं असतं तर पाऊसही अडला असता आणि डोक्यावरच्या उन्हाची सावलीही पडली असती. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला वळचण पुरत नाही. तिथे ओसरी हवी, नाहीतर झाड. पण ओसरीची जागा घराच्या कार्पेट एरियात धरता येत नाही ना. फार्महाऊस म्हणायचं आणि ओसरी नाही, उंबऱ्याबाहेर टेकायला जागा नाही.

शिवाय दूध आणायला गाडी काढायची. नवऱ्याचं ऑफिस खराडीला, म्हणजे चांदणी चौक ओलांडून अख्खं पुणे पार करायचं, रोज, दोन्ही वेळा. उन्हाळ्यात पाणी टँकरचं. घर कितीही वीज वाचवो, त्या पेट्रोलचं काय करायचं?

मग सोय आहे कुठे? आहे ना, आपल्या डोळ्यांसमोर आहे. सहकारनगरच्या आतल्या गल्ल्यांमध्ये दुपारी दोनला चालून बघा. प्रभात रोडच्या बोळांत जा. जुने बंगले, दगडी जोतं, पुढे पोर्च, खिडक्यांवर खोल छज्जे, आणि दोन्ही बाजूंनी झाडं रस्त्यावर वाकलेली. तिथलं एकटं घर गार नसतं, गल्ली गार असते. शेजाऱ्याच्या आंब्याची सावली आपल्या भिंतीवर पडते. ही सावली कुठल्याही बिल्डरला पझेशनच्या दिवशी देता येत नाही, तिला चाळीस वर्षं लागतात. आणि तेच बंगले एकेक करत पाडतोय आपण. बंगल्याबरोबर आंबाही जातो, जागी पार्किंगचे मजले येतात.

आम्हाला तिथला बंगला परवडणार नाही, माहितीये. म्हाताऱ्या मालकांना जिने चढवत नाहीत, डागडुजीला माणसं मिळत नाहीत, मुलं परदेशात, म्हणून ते विकतात, हेही समजतं. तरी त्या रस्त्यानं जाताना गेल्या खेपेचं झाड दिसलं नाही की पोटात तुटतं.

येताना बाबा गप्प होते. भुगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा एकदम म्हणाले, "माझ्यासाठी नका एवढी धावपळ करू. मला काय, आहे तो फ्लॅट बास." आमचा फ्लॅट कोथरूडला, वरच्या मजल्यावर. मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा त्यांच्या खोलीतली गादी गरम लागते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ओला पंचा अंगावर टाकून झोपतो. मी नुसतं हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तर मंडळी, कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. सहकारनगर, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, औंधची सिंध सोसायटी, कुठेही. जुनं रो हाऊस, बंगल्याचा तळमजला, भाड्यानंही चालेल. रंग उडालेला असू दे, फरशी जुनी असू दे. पश्चिमेला झाड किंवा ओसरी पाहिजे आणि भाजी पायी आणता आली पाहिजे. फोटो नका पाठवू. आम्ही दुपारी चारला येऊन बघू, बाबांना घेऊन.