लिपी नव्हती, म्हणून काव्य नव्हते?

प्रशांत महासागरातील बेटांविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर पुनःपुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की तेथील भाषांना लिपी नसल्यामुळे मिशनरी येईपर्यंत त्यांत साहित्य नव्हते. होती ती साधीसुधी, निनावी समूहगीते. आणि आता तीही पर्यटकांपुढे सादर करण्यापुरतीच उरली आहेत.

मिशनरी 1820 साली हवाईत पोहोचले आणि 1822 मध्ये तेथे हवाईयन भाषेतील छपाई सुरू झाली, एवढे खरे आहे. परंतु ‘कुमुलिपो’ हे सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजवंशापर्यंतची वंशावळ सांगणारे, दोन हजारांहून अधिक ओळींचे स्तोत्र त्याच्या कितीतरी आधीपासून मुखोद्गत होते. राजा कालाकाउआ याने ते 1889 साली छापून घेतले. एखादी रचना कागदावर केव्हा उतरली, यावरून ती केव्हा जन्मली हे ठरवणे ही साधी तर्कदुष्टता आहे.

‘साधीसुधी’ हे विशेषण तर मला सर्वांत अन्यायाचे वाटते. टोंगातील लाकालाका हे समूहनृत्यगीत पाहा. स्त्री-पुरुष रांगांनी उभे राहतात, कधीकधी त्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते, आणि एकाच गीतावर पुरुषांच्या हालचाली जोरकस तर स्त्रियांचे हस्तविक्षेप नाजूक असतात. शब्द, चाल आणि नृत्य या तिन्हींची रचना करणाऱ्याला पुनाके म्हणतात. त्याची खरी कसोटी हेलिआकीत लागते. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे नाव न घेता एखादे फूल, एखादे ठिकाण किंवा एखादा पक्षी यांच्या आडून बोलायचे, अशी ही रीत आहे. सुगंधी फुलांच्या उल्लेखातून सरदारघराण्यांचे नातेसंबंध सुचवले जातात आणि वंशावळ ठाऊक असलेल्या श्रोत्यालाच पूर्ण अर्थ लागतो. 1918 ते 1965 या काळात राज्य करणारी राणी सालोते तुपोऊ तिसरी स्वतः या कलेतील श्रेष्ठ रचनाकार होती. नृत्य डोळ्यांना दिसते, पण काव्य भाषेवाचून पोहोचत नाही; या गीतांना बालिश ठरवणाऱ्याने बहुधा त्यांचे फक्त चित्रीकरण पाहिलेले असते.

छंदाचीही तीच गोष्ट आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेतील अनेक पारंपरिक गीतांत ओळीच्या प्रत्येक अर्ध्या भागात आठ मात्रा भरतात, असे भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज यांनी दाखवून दिले. त्यात ऱ्हस्व स्वर एक आणि दीर्घ स्वर दोन धरला जातो. आपल्या मात्रावृत्तांशी परिचय असलेल्या वाचकाला ही मोजणी परकी वाटणार नाही.

निनावीपणाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. माओरी नेते आपिराना न्गाता यांनी मोतेआतेआंचा, म्हणजे पारंपरिक माओरी गीतांचा, जो संग्रह केला, त्याच्या 1928 पासून निघालेल्या भागांत अनेक गीतांखाली रचनाकाराचे नाव, त्याची जमात आणि रचनेचा प्रसंग नोंदवलेला आहे. रग्बीच्या मैदानावरून जगभर पोहोचलेला ‘का माते’ हा हाका, म्हणजे आवेशपूर्ण हालचालींसह म्हटले जाणारे समूहगीत, ‘ते राउपराहा’ या माओरी सरदाराचा आहे, हे न्यूझीलंडने 2014 साली कायद्यानेच मान्य केले.

राहिला ऱ्हासाचा प्रश्न, आणि त्यात सत्याचा अंश निश्चित आहे. राजसत्ता उलथवल्यानंतर तीनच वर्षांनी, 1896 साली, हवाईतील शाळांचे माध्यम कायद्याने इंग्रजी करण्यात आले आणि कित्येक घरांतून भाषा नाहीशी झाली. ज्या भाषेचे बोलणारेच हिरावले गेले, तिची कविता क्षीण झाली तर दोष कवितेला देता येत नाही. शिवाय ती संपलेलीही नाही. 1984 साली हवाईत पूनाना लेओ या बालशाळा सुरू झाल्या, तेथे लहान मुले हवाईयन भाषेतच शिकतात. न्यूझीलंडमध्ये 1972 साली रोटोरुआ येथे पहिल्यांदा भरलेला माओरी कलामहोत्सव आज ‘ते माताटीनी’ या नावाने चालतो. त्यात स्पर्धक संघ जुन्या धाटणीच्या मोतेआतेआंबरोबर आजच्या राजकारणावर, जमिनीच्या हक्कांवर आणि नुकत्याच निवर्तलेल्या वडीलधाऱ्यांवर मुद्दाम रचलेली नवी गीते आणि हाके सादर करतात, आणि त्यांच्या माओरी भाषेचेही स्वतंत्र परीक्षण होते.