पाडायच्या आधी गावाने एकदा बसावं

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही आमचं जुनं घर पाडलं. मायच्या नावाने घरकुल आलं होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, आजोबांच्या हातचे सागवानी फाटे, म्हणजे छपराची लाकडं. जेसीबी आला आणि दोन तासांत सपाट करून गेला. आमची मागची भिंत आणि शेजारच्या काकूची भिंत एकच होती, सामायिक. जेसीबीवाल्याने ती सोडली, हात लावला नाही. पण तिला इकडून जो आधार होता तोच गेला. वर आम्ही पायव्यासाठी तिच्या बुडाशी खोदलं. जूनच्या दुसऱ्याच पावसात रात्री ती भिंत बसली. काकू त्या रात्री ओसरीत झोपली होती म्हणून वाचली. सकाळी ती एवढंच म्हणाली, "तुमचं झालं बापू. माहं गेलं."

काकूचं नाव घरकुलाच्या यादीत नाही. तिच्या भिंतीची भरपाई कोणत्याच कागदावर बसत नाही. मी पंचायत समितीत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, हा तुमचा आपसातला प्रश्न आहे. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहितो.

आधी एक सांगतो. घरकुल पाहिजेच. पावसाळ्यात गळतीखाली चार ठिकाणी गंज, म्हणजे पातेली, ठेवून झोपणाऱ्या मायला स्लॅबचं घर मिळालं, याचं मोल मला माहीत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. गावात एकाच उन्हाळ्यात पन्नास-साठ घरं पडतात आणि पुन्हा उभी राहतात. शहरात याला पुनर्विकास म्हणतात. तिथे रहिवाशांची संमती घेतात, घर तयार होईपर्यंत बिल्डर भाडं देतो, मलबा कुठे टाकायचा याचे नियम असतात. आपल्याकडे त्याच कामाचं नाव "वैयक्तिक लाभाची योजना" आहे. प्रत्येकाचं घर वेगळं, प्रत्येकाची फाईल वेगळी. म्हणून सगळ्या घरांचा मिळून गावावर काय परिणाम होतो, हे बघणं कोणाच्याच कामात येत नाही.

हिशोब करून बघा. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. 800 घरकुलं झाली की 20,000 भरतात. एका तालुक्याला 800 घरकुलं म्हणजे काही मोठा आकडा नाही, पण प्रत्येक घर वेगळं म्हणून एकत्र हिशोब कोणी करत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत राज्यात एकाच दिवशी 20 लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. सगळ्यांनी तेवढी उचलली तर 1 कोटी ब्रास होते. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते, म्हणजे 1 कोटी ट्रॉल्या. ही वाळू येणार आपल्याच नद्यांतून. गरिबाला वाळू फुकट मिळावी हे बरोबरच आहे. पण नदीवरच्या कोणत्या वाळू घाटातून किती काढली आणि मागे किती राहिली, हे काठावरच्या गावाला कोणीतरी सांगितलं पाहिजे. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदीत हातभर झिरा खोदला की पाणी लागायचं. रेती पाणी धरून ठेवते, त्यावरच काठच्या विहिरी चालतात. आता आमच्या घाटावर जागोजागी खालचा खडक उघडा पडलाय, आणि मार्च संपला की विहिरीची मोटर अर्ध्या तासात हवा ओढते.

मलब्याचं तर फारच वाईट वाटतं. जुन्या घराची माती म्हणजे पांढरी. आपले म्हातारे पडक्या घराची पांढरी बैलबंडीने वावरात नेऊन टाकायचे, खतासारखी. कवेलू गोठ्यावर चढायचे, फाटे दुसऱ्या घराला लागायचे. जुन्या घरातलं काही वाया जातच नव्हतं. आता जेसीबी सगळं एकत्र कालवतो. माती, फुटके कवेलू, न्हाणीचं सिमेंट, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळा काला. तो कोण वावरात टाकणार? मग तो जातो गावच्या नाल्यात. आमच्या गावात तेच झालं. नाल्याची अर्धी रुंदी भरली आणि जुलैत पाणी खालच्या वस्तीत शिरलं. त्या वस्तीत एकही घरकुल मंजूर नव्हतं.

उंचीचाही घोळ आहे. नवीन घराचं जोतं दोन फूट वर, समोरचा सिमेंट रस्ता एक फूट वर. मधे जे जुनं घर राहिलं ते खड्ड्यात गेलं. नाली कोणत्या बाजूने काढायची हे कोणी ठरवलंच नाही, कारण अभियंता येतो तो एका घराचा फोटो काढायला. पायवा झाला, फोटो. भिंती झाल्या, फोटो. फोटोच्या चौकटीत शेजाऱ्याचं घर येत नाही.

आणि ते पाच महिने. जुनं घर पाडलं, नवं झालं नाही, या मधल्या काळात माणसांनी राहायचं कुठे? आम्ही गोठ्याला ताडपत्री बांधून राहिलो. 45 अंशाच्या उन्हात माझ्या 80 वर्षांच्या आजीला दुपारी देवळात नेऊन बसवावं लागायचं. रचून ठेवलेल्या कवेलूच्या थप्पीतून एकदा मण्यार निघाली. पोरीची दहावी त्यातच सुरू झाली. पहिला हप्ता 15,000, पुढचे हप्ते काम वर जाईल तसे. हप्ता अडकला की काम थांबतं, काम थांबलं की पाऊस गाठतो. घरकुलाचे मूळ 1 लाख 20 हजार, शौचालयाचे 12 हजार, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, वरून राज्याचे 50 हजार आणि त्यातलेही 15 हजार सोलरसाठी. आमचं घर अडीच लाखांच्या पुढे गेलं. वरचे पैसे मायच्या बचतगटातून काढले. ते अजून फिटतायत.

नवीन घरात राहायला गेल्यावर दिवाळीनंतर कापूस निघाला. जुन्या घरात सपरी होती, माळा होता. भाव येईपर्यंत कापूस तिथे पडून राहायचा आणि माणसं आपल्या जागी राहायची. 269 फुटांत कापूस ठेवला की माणसं बाहेर. थंडीचे दोन महिने आम्ही अंगणात झोपलो. आत झोपलं की अंगाला खाज सुटायची. शेतकऱ्याच्या घरात पीक कुठे राहील, बैल कुठे बांधतील, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याने विचारला तरी होता का? मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेली असते. कूलर लावायचा तर पाणी आणि बिल दोन्ही लागतं. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूची आहे. मे महिन्यात भर दुपारी तिथे पाच मिनिटं बसून बघा. वर्ध्यातल्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने गावातल्या साहित्यात पक्कं घर कसं बांधायचं यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. एवढं ज्ञान तासाभराच्या रस्त्यावर असताना आमच्या गावात सगळ्या घरांचा एकच डबा का?

म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज दिला. त्यात मागणी एवढीच, की मंजूर यादी आली की पहिलं घर पाडायच्या आधी गावाने एकदा बसावं. कोणत्या गल्लीतली घरं आधी, कोणती नंतर, हे ठरवावं, म्हणजे नाली आणि जोत्याची उंची गल्लीभर एक राहील. जिथे सामायिक भिंत आहे तिथे दोन्ही घरं बघून शेजाऱ्याच्या भिंतीला आधी टेकू द्यावा, आणि ही अट काम सुरू करण्याच्या कागदातच लिहावी. 15 मे नंतर कोणाचंही राहतं घर पाडू नये. माती वेगळी, सिमेंट-प्लास्टिक वेगळं. माती ज्याच्या वावराला पाहिजे त्याने न्यावी, उरलेली पांधणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, खड्ड्यांत भरावी. ज्यांची घरं पाडलेली आहेत त्यांना समाजमंदिर आणि शाळेची बंद पडलेली खोली राहायला द्यावी. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी आधी. अंगणातला कडुनिंब तोडायची वेळ आली तर घर दोन हात सरकतं का ते आधी बघावं. यात सरकारचा एक पैसा जास्तीचा लागत नाही. सरपंच म्हणाले, चांगलं आहे, पण वरून तसा आदेश नाही. स्वतःच्या गावातलं पाणी कुठून वाहावं हे ठरवायला आदेश कशाला पाहिजे? पुढची ग्रामसभा 1 मे ला आहे. मी तोच अर्ज पुन्हा देणार, आणि या वेळी खालच्या वस्तीतल्या बायका सोबत येणार आहेत. आपल्याही गावात यादी लागली असेल तर यातलं जे पटेल ते घ्या आणि आपल्या ग्रामसभेत मांडा.

काकूच्या घराला वर्षभर टिनाचे पत्रे उभे करून ठेवले होते. आता आम्ही तिची भिंत घालून देतोय. माती आमच्याच जुन्या घराची, एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली थोडी राहिली होती ती. काल तुडवली, त्यात गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, मिसळला, माय आणि काकू दोघी पायाने मळत होत्या. कवेलूही आमचेच चढवणार, पाऊस यायच्या आत. फाटे मात्र आम्ही मागच्या वर्षीच लाकूडवाल्याला देऊन बसलो. सागवानाचे अकरा फाटे, सहा हजारांत.